डाव्या हाताची मूठ

हेमचंद्र बेहेरे या माणसाला कसलाही छंद नव्हता आणि त्याचा त्याला थोडा अभिमानच होता. पुण्यात असताना त्याचे मित्र सतार शिकले, किल्ले चढले, नाटकांच्या तालमींत वाया गेले. हा मात्र धातुशास्त्राची पुस्तकं वाचून वेळेवर झोपला. पुढे ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत धातुतज्ज्ञ म्हणून आला तरी त्याच्यात फरक पडला नाही. शनिवारी कपड्यांना इस्त्री करायची, रविवारी गाडी पुसायची आणि दोन्ही दिवस बायको हॉस्पिटलातून परतायची वाट बघायची, हा त्याचा कार्यक्रम. बायको सुहासिनी भूल देणारी डॉक्टर. गावात त्या कामाचे डॉक्टर अगदीच मोजके, त्यामुळे तिच्या शिफ्टला शेंडा-बुडखा नसे. "एखादा छंद लाव रे," ती म्हणायची, "निदान उशीर झाला की दारात तुझं ते तोंड तरी बघावं लागणार नाही." तिचं बोलणं त्याने आयुष्यात फारसं मनावर घेतलं नव्हतं, हे एकच नेमकं घेतलं.

ही अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी सालातली गोष्ट. डूगल मॅकिनन नावाचा एक म्हातारा एके दिवशी खाणीच्या प्रयोगशाळेत निकेलचं पोलाद मागायला आला. तो त्याच खाणीतून निवृत्त झालेला होता; माणसांचा पिंजरा खाली-वर करणाऱ्या यंत्रावर त्याची उभी हयात गेली होती. आता गावाला लागूनच असलेल्या बोल्डरमधल्या त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो स्कॉटिश सुऱ्या बनवायचा. किल्ट घालणारी माणसं उजव्या पायाच्या मोज्यात जी लहान सुरी खोचतात, ती. तिला ते 'स्कीन डू' म्हणतात, म्हणजे काळी सुरी. गावातल्या बॅगपाइप वाजवणाऱ्या पाइप बँडला सणावाराला त्या लागायच्या. पोलादाचा तुकडा घेऊन म्हातारा करणार काय, एवढं बघायला म्हणून हेमचंद्र त्याच्या शेडमध्ये गेला आणि अंधार पडल्यावर कोपरापर्यंत काळे हात घेऊन घरी आला. त्या दिवशी दारात सुहासिनी वाट बघत होती. तिला मजा वाटली.

त्यानंतर दर शनिवारी तो तिथेच असे. दोन जातींचं पोलाद, एक जुन्या करवतीच्या पात्याचं कडक आणि दुसरं निकेलचं, पत्त्यांसारखं एकावर एक रचायचं, वर टाकणखार भुरभुरवायचा, भट्टीत पिवळंधमक होईपर्यंत तापवायचं आणि ऐरणीवर ठोकून एकजीव करायचं. मग लांबवायचं, घडी घालायची, पुन्हा तापवायचं, कधी पिळायचं. पातं कानसून गुळगुळीत केलं की त्यात काहीच दिसत नाही, चारचौघांसारखं पातं. पण ॲसिडमध्ये बुडवून काढलं की आतल्या सगळ्या घड्या, काळ्या-पांढऱ्या रेषा होऊन, हळूहळू वर येतात. पोलादाचे असले थर हेमचंद्रने उभा जन्म मायक्रोस्कोपखाली पाहिले होते. ते असे उघड्या डोळ्यांनी, बोटाने चाचपता येतील असे समोर आले तेव्हा त्याला खरोखर भरून आलं. आपल्याला भरून आलं हे त्याने अर्थातच कुणाला सांगितलं नाही.

मुठीचं काम मात्र मॅकिनन त्याला हातच लावू देत नसे. मुठीसाठी त्याच्याकडे इनव्हर्नेसहून बहिणीने पाठवलेली हरणाची शिंगं होती, मेरिनो मेंढ्याची वळलेली शिंगं होती आणि इथल्या कोरड्या मुलखातलं मल्ग्याचं लाकूड होतं, गडद तपकिरी आणि दगडासारखं जड. "पातं कुणाचंही चालतं," तो म्हणायचा, "मूठ एकाच माणसाची असते." ज्याची सुरी त्याला तो शेडमधल्या बाकावर बसवायचा, त्याचा हात आपल्या हातात घ्यायचा आणि गप्प बसायचा. मोजपट्टी नाही, कागदावर रेघ नाही. हात पुरता कळला की तो माणसाला घरी पाठवून द्यायचा आणि नुसत्या आठवणीवर लाकूड कोरायला घ्यायचा. ही रीत त्याच्या आजोबांची. आजोबा पोलादाच्या पट्ट्या पिळून बंदुकांच्या नळ्या करायचे, त्यातूनच तो पोलादाचं काम शिकला होता. बाकीच्या स्कॉटलंडात असं कुणी करतं की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मॅकिननांच्या घरात असंच करायचे. पाइप बँडमधले दणकट गडी म्हाताऱ्याच्या हातात हात देऊन लाजऱ्या नवरीसारखे खाली बघत बसलेले पाहून हेमचंद्रला सुरुवातीला फार हसू यायचं. पण मूठ तयार झाली की ती त्या-त्या माणसाच्या पंजात अशी जाऊन बसायची की हसू आपोआप थांबायचं.

अखेर एकदा म्हातारा म्हणाला, "आता तू एक मूठ कर. कुणासाठी करणार?"

"बायकोसाठी," हेमचंद्र म्हणाला. लग्नाचा वाढदिवस तोंडावर आला होता.

"तिचा हात घेऊन ये."

त्याच संध्याकाळी त्याने तो मागितला. सुहासिनी दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहून आली होती. पाय स्टुलावर टाकून डोळे मिटून पडली होती. "हेम, सकाळपासून लोकांचे हात धरून शिरा शोधतेय," ती म्हणाली. "आता माझा हात कुणी धरू नये. आणि काय रे, अकरा वर्षं झाली लग्नाला, तुला माझा हात माहीत नाही?"

माहीत आहे, असं त्याला मनापासून वाटलं. आपल्याकडच्या नवऱ्यांना ज्या गोष्टींची खात्री असते त्यातली ही एक. बोहल्यावर गुरुजींनी सांगितलं तेव्हा त्याने तो हात धरला होता, नंतर कधी रस्ता ओलांडताना मनगट धरलं होतं, कधी तापात कपाळावर तो हात पडला होता. हातात हात घेऊन नुसतं बसण्याची दोघांच्याही घरात पद्धत नव्हती. पण खात्री होती, आणि ती पक्की होती.

"हात घेतलास?" पुढच्या शनिवारी मॅकिननने विचारलं.

"हो," हेमचंद्र म्हणाला.

मल्ग्याचं लाकूड हट्टी. नवशिक्याला ते रडवतं. हेमचंद्रला रडवलं नाही. डोळे अर्धवट मिटून तो कानस फिरवत गेला आणि लाकूड जणू मुकाट्याने बाजूला होत गेलं. इथे अंगठ्याची बैठक, इथे तळव्याचा फुगवटा, इथे बोटांच्या खाचा. कुठे थांबायचं ते हाताला आपोआप कळत होतं. आपलं बायकोवर किती प्रेम आहे, असा विचार त्या वेळी त्याच्या मनात आला आणि तो स्वतःवरच खूश झाला. वर मेंढ्याच्या शिंगाची टोपी बसवली, पात्यावर वाहत्या पाण्यासारख्या रेषा आल्या होत्या. म्हाताऱ्याने पातं उजेडात धरून बराच वेळ बघितलं. मूठ त्याने हातात घेतली नाही. ती दुसऱ्याची, असा त्याचा शिरस्ता.

रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, त्याने ती सुहासिनीपुढे ठेवली. ती खुलली. सुरी उचलली, उजव्या हातात धरली, थोडी फिरवली, पुन्हा धरली. मग डाव्या हातात घेतली. मग खिडकीशी गेली आणि एक्स-रे बघावा तशी मूठ उजेडात वळवून वळवून बघत राहिली.

"डावखुरी आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"पंजा माझ्यापेक्षा लहान. बोटं निमुळती. आणि हे बघ, अनामिकेची खाच. सरळ नाहीये. बोट कधीतरी मोडलंय आणि नीट न बसवता तसंच जुळलंय, आत वळून." तिने सुरी टेबलावर ठेवली, अगदी हलक्या हाताने. "कोण आहे ही?"

तो मोठ्याने हसला. ती हसली नाही, तेव्हा तोही थांबला. त्याने सुरी आपल्या हातात धरून पाहिली. ती बसली नाही, बसणार नव्हतीच. पण त्या खाचांवरून बोट फिरवताना त्याला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. सुहासिनीने सांगितलं ते सगळं खरं होतं. तिथे कुणाचातरी हात होता. आणि तो हात त्याला ओळखीचा वाटत होता.

"माझी पहिलीच मूठ, चुकली असेल," तो म्हणाला.

"चुकलेलं असं दिसत नाही," सुहासिनी म्हणाली. एवढंच. दिवसभर तिने नेहमीसारखी कामं केली, संध्याकाळी पुण्याला आईला पत्र लिहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसरी मूठ करताना त्याने कसलीच कसूर ठेवली नाही. सुहासिनी स्वतः शेडमध्ये आली, बाकावर बसली आणि तिने उजवा हात पुढे केला. मॅकिनन भाता सोडून बाहेर जाऊन उभा राहिला. हेमचंद्रने तो हात दोन्ही हातांत घेतला. हात थंड होता, साबणाने धुऊन धुऊन कोरडा झालेला. तर्जनीच्या बाजूला एक घट्टा होता, जो त्याने इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. तो मन लावून बसला. पण तिची नजर हातावर नव्हती, त्याच्या तोंडावर होती, हे न बघताही त्याला कळत होतं. ती गेल्यावर त्याने या खेपेला हरणाचं शिंग घेतलं, मुद्दाम सावकाश काम केलं, दर खाचेशी थांबून तिचा हात आठवला. मूठ तयार झाली तेव्हा ती डाव्या हाताची होती. लहान पंजा, निमुळती बोटं, आणि अनामिका आत वळलेली.

मॅकिननने या वेळी आपला शिरस्ता मोडून ती उचलली. क्षणभर धरली आणि पटकन खाली ठेवून तळवा ॲप्रनला पुसला. "पहिल्या मुठीच्या वेळी," त्याने विचारलं, "तू बायकोचा हात घेतला होतास?"

हेमचंद्रने सुरी उचलून कापडात गुंडाळायला घेतली.

"हात न घेता मूठ केलीस."

"माझी बायको आहे ती. अकरा वर्षं..."

"मी ते नाही विचारलं," म्हातारा म्हणाला. मग भट्टीतले निखारे उगाचच हलवत राहिला. "माझ्या आजोबांनी एकदा अशी रिकामी मूठ केली होती," तो म्हणाला. "रिकामी मूठ रिकामी राहत नाही. त्यानंतर त्यांनी मुठी केल्या नाहीत." पुढचं त्याने सांगितलं नाही आणि हेमचंद्रचं विचारायचं धाडस झालं नाही.

सगळ्यात मोठा घोळ घातला तो एलायसने. एलायस डाबरे वसईचा, खाणीत सर्व्हेअर. त्याच्या घरची माणसं अजून पर्थला, म्हणून रविवारचं जेवण बेहेऱ्यांकडे ठरलेलं. मटण कापायला मलाही एक सुरी हवी, असा त्याने धोशा लावला आणि हेमचंद्रही इरेला पेटला. एलायसचा पंजा म्हणजे फावडं. तो हात हातात घेतल्यावर दुसऱ्या कुणाचा हात आठवणंच शक्य नव्हतं. तरी सुरी तयार झाली ती तशीच. जेवणाच्या टेबलावर एलायसने ती दोन बोटांत धरून नाचवली. "अरे हेम्या, ही काय मूठ आहे? यात माझा अंगठा पण जात नाय! मेट, कुठल्या बाईचा हात धरून बसतोस रे शनिवारचा? वहिनी, जरा लक्ष ठेवा हां ह्याच्यावर!" आणि तो स्वतःच खदखदून हसला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. सुहासिनीने त्याला आणखी भात वाढला.

तो गेल्यावर ती म्हणाली, "मी कंटाळले आता, हेम. तू नाव सांगितलंस तरी चालेल मला. एवढा त्रास नको."

"नाव नाहीच आहे, तर काय सांगू?"

"तू बँकेत त्या काउंटरवरच्या मुलीचे हात बघत होतास. परवा हॉस्पिटलच्या पार्टीत माझ्या सगळ्या नर्सेसचे बघितलेस. मला दिसत नाही असं वाटतं तुला?"

हे खरं होतं. तो बघत होता. सुटे पैसे देणारे, बिस्किटांचे पुडे उचलणारे, गाडीच्या खिडकीतून बाहेर टेकलेले, दिसतील ते बायकांचे हात तो बघत होता, कारण त्या हाताची मालकीण एकदा सापडली की निदान बायकोला दाखवून सांगता आलं असतं, की बघ, ही परकी बाई, हिला मी ओळखत नाही. असं तो स्वतःला सांगत होता. पण खोटं कशाला बोला, नुसतं तेवढंच नव्हतं. कामावर असताना, कधी गाडी चालवताना, त्याच्या उजव्या तळव्यात त्या हाताची ऊब यायची. तो हात थंड नव्हता, कोरडा नव्हता. वळलेली अनामिका त्याच्या बोटांमध्ये नेमकी कुठे येईल हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. त्याला भीती वाटायची, आणि ऊब गेली की चुकल्यासारखंही वाटायचं. या दुसऱ्या गोष्टीची त्याला जास्त भीती वाटायची.

त्याच सुमारास सुहासिनीच्या वडिलांचं पुण्यात ऑपरेशन ठरलं आणि ती रजा काढून निघाली. जाण्याच्या आदल्या दिवशी ती हॉस्पिटलातून थोडं प्लास्टर घेऊन आली. स्वयंपाकघरात उभी राहून तिने ते कालवलं, गोळा घट्ट होत आला तेव्हा तो उजव्या हाताच्या मुठीत आवळला आणि वाळेपर्यंत तशीच उभी राहिली. मग मूठ उघडली. गोळ्यावर तिच्या बोटांच्या खाचा उमटल्या होत्या, तर्जनीच्या घट्ट्यासकट. तो गोळा तिने टेबलावर त्याच्या समोर ठेवला.

"हा घे माझा हात," ती म्हणाली. "आता आठवायला नको, बसायला नको, काही नको. मी येईपर्यंत या हाताची एक मूठ करून ठेव. एकच. जमली तर मी मागचं काही विचारणार नाही, शपथ. नाही जमली तर पर्थच्या हॉस्पिटलात जागा आहे ती मी घेते. एकटी."

"सुहास, हा काय वेडेपणा? मुठीवरून..."

"मुठीवरूनच," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ऑपरेशन थिएटरमधला होता. "मला राहायचंय रे. म्हणून तर एवढं करून देतेय."

ती गेली आणि घर नुसतं पत्र्यासारखं तापत पडलं. हेमचंद्रने पुन्हा मल्ग्याचं लाकूड घेतलं. या वेळी त्याने डोळे टक्क उघडे ठेवले. प्रयोगशाळेतला कॅलिपर आणला. प्लास्टरवर एक खाच मोजायची, लाकडात तेवढीच कोरायची, पुन्हा मोजायची. म्हाताऱ्याच्या रीतीचा पार बट्ट्याबोळ झाला, पण म्हाताऱ्याने त्याला अडवलं नाही. हात मध्येच भलतीकडे ओढ घ्यायचा. अनामिकेशी आलं की कानस आपसूक आत वळू बघायची, आणि हेमचंद्र दात आवळून ती सरळ धरायचा. शिंगाची टोपी, पात्याची जोडणी, तेलाचा हात, सगळं झालं. मूठ प्लास्टरशी ताडून पाहिली. तंतोतंत. उजवा हात, तिचा, घट्ट्याच्या जागेसकट.

त्याला रडूच आलं. मॅकिननसमोर आलं, तरी त्याने लाज धरली नाही.

"ही तुझ्या बायकोची," म्हातारा सुरी न्याहाळून म्हणाला. "तिच्या हातात दे. आणि बाकीच्या इथे आण."

आधीच्या तिन्ही सुऱ्या त्यांनी दिवसाउजेडी भट्टीत टाकल्या. भात्याने वारा घातला तशी लाकडाने ज्योत धरली, शिंगाचा केस जळाल्यासारखा घाणेरडा वास शेडभर झाला, आणि एवढ्या हौसेने उमटवलेल्या पात्यांवरच्या रेषा लाल होऊन पुसून गेल्या. मॅकिनन शेवटपर्यंत उभा राहिला. घरी जाताना हेमचंद्रला खूप दिवसांनी भूक लागली. त्याने अंडी तळली, पाव भाजला, रेडिओ लावला. जेवताना नव्या सुरीने त्याने टोमॅटो कापून पाहिला. सुरी उत्तम चालली. मूठ त्याच्या हाताला बोचत होती, ते साहजिकच होतं; ती त्याच्यासाठी नव्हतीच. पण त्या खाचांवरून बोट फिरवताना त्याला सारखं असं वाटत होतं, की ही कुणी बाई आपल्याला नीटशी आठवत नाही. कुठेतरी भेटलेली, चांगली, कामसू. बोलायला गेलं तर आधी नाव विचारावं लागेल, अशी. थकवा असेल, असं म्हणून त्याने सुरी कापडात गुंडाळली आणि एका लाकडी पेटीत ठेवली.

सुहासिनीचा पुण्याहून ट्रंक कॉल आला. लाइन खरखरत होती. वडील बरे होते. ती पर्थला विमानाने येऊन तिथून शुक्रवारच्या प्रॉस्पेक्टर रेल्वेगाडीने कालगुर्लीला पोचणार होती.

"झाली?" तिने विचारलं.

"झाली," तो म्हणाला. "तुझीच. अगदी तुझी."

लाइन पुन्हा खरखरली. मग ती म्हणाली, "स्टेशनवर ये न्यायला. उशीर करू नकोस." तिचा आवाज इतका हलका झाला होता की त्याला स्वतःची शरम वाटली.

शुक्रवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, गाडी पुसली, इस्त्रीचा शर्ट घातला. पेटी कोटाच्या खिशात ठेवली आणि वर हात दाबून ती आहे ना याची खात्री करून घेतली. दुपारच्या उन्हात प्लॅटफॉर्म लखलखत होता. खाणीची माणसं बायकापोरांना घ्यायला आली होती, कुणीतरी कुत्रा आणला होता. गाडी आली, दारं उघडली, माणसं सामानासकट खाली उतरू लागली आणि थोडा वेळ नुसती गर्दी झाली. कपाळावर हात धरून तो डब्यांच्या दारांकडे बघत राहिला. ऊन समोरून येत होतं, त्यामुळे उतरणाऱ्यांचे चेहरे दिसत नव्हते, नुसते आकार दिसत होते. त्यातला कुठला आपल्या बायकोचा, हे त्याला काही केल्या ठरवता येईना. ती किती उंच होती? चालताना बॅग कुठल्या हातात धरायची? त्याने खिशातली पेटी पुन्हा चाचपली.

तेवढ्यात उजव्या बाजूने त्याच्या हातात हात आला.

ऊबदार हात. लहान पंजा, निमुळती बोटं. ती बोटं त्याच्या बोटांमध्ये अशी जाऊन बसली की मध्ये वाराही जाऊ नये, आणि आत वळलेली अनामिका जिथे यायला हवी होती तिथेच आली. हेमचंद्रच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. इतके दिवस त्याला जे सुख वाटलं नव्हतं ते वाटलं, आणि लाज वाटायची ती वाटली नाही. त्याने खाली पाहिलं. मनगटापर्यंत आलेली फिकट राखाडी बाही दिसली. असली बाही सुहासिनीकडे होती की नाही हे त्याला आठवेना, आणि आठवायची गरजही वाटेना. बाहीच्या वर त्याने नजर नेली नाही.

"चल," तो म्हणाला.

ती बरोबर चालू लागली. तिचं पाऊल त्याच्या पावलाशी जुळलेलं होतं. फाटक ओलांडलं, उन्हात त्याची गाडी उभी होती, आणि मागे प्लॅटफॉर्मवरून हाक आली, "हेम?" दूरवर पाठमोरा दिसणारा माणूस आपलाच नवरा आहे की नाही अशी शंका आल्यावर बायको मारेल तशी, दबकत. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, धावत येणाऱ्या माणसाच्या आवाजात.

त्याच्या हातातली बोटं किंचित आवळली गेली. त्याने डाव्या हाताने खिशातली किल्ली काढली आणि वळून न बघता गाडीचं दार उघडलं.